भिंतीला टेकलेली खुर्ची

गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात गेलं, हे न्हाव्याला कुणी येऊन सांगावं लागत नाही. ते डोकंच रस्त्यानं चालत येतं. कल्ले कुठं तोडलेत, कानामागची रेघ कशी घेतलीय, मानेवर मशीन कुठं थांबलंय, एवढं बघितलं की हात कुणाचा ते कळतं. आपण दुकानाच्या दारात उभे असतो, ते डोकं समोरून जातं आणि वर "काय सोपानराव, बरंय ना?" असंही विचारतं. आपण हसून "बरंय की" म्हणतो. मग आत येऊन खुर्चीत बसलेल्या बिचाऱ्या भलत्याच माणसाच्या डोळ्यांत साबण घालतो.

जुन्नरच्या पेठेत मी उभी हयात सलून चालवलं. त्या काळात कितीतरी डोकी आली, कितीतरी गेली. वाणी गेले, मास्तर गेले, एक फौजदार गेला तेव्हा तर मी पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले. पण एकाचं जाणं आजही सलतं. ते बबनचं. आणि तो गेला कुणाकडं, तर माझ्या साडूकडं.

साडू म्हणजे असा माणूस, की ज्याच्याशी आपली तुलना जन्मभर आपल्याच घरात, आपल्याच ताटापुढं होत असते. विलास हा माझ्या बायकोच्या, शालनच्या, धाकट्या बहिणीचा नवरा. कात्री धरायला माझ्याच दुकानात शिकला. मग आमच्याच गल्लीच्या टोकाला, एका कापडदुकानाच्या जिन्याखाली त्यानं स्वतःचं दुकान टाकलं. दुकान कसलं, सायकल आडवी लावली तर मालकाला बाहेर उभं राहावं लागेल एवढी जागा. हात साधा. बोलणं तर नाहीच. न्हावी असून न बोलणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

बबन निमगाव सावा गावचा, मीही तिथलाच. त्याचं जावळ माझ्या वडलांनी काढलं आणि त्याचं पहिलं मिसरूड मी. त्या मिसरुडाची एक बाजू माझ्याकडून जरा जास्त उडाली, म्हणून दुसरी बाजू सारखी करायला गेलो, आणि सारखी करता करता मिशीच संपली. बाप जिवंत असताना पोराची मिशी काढली म्हणून त्याचे वडील, गेनूबाबा, आम्हा दोघांच्या मागं काठी घेऊन धावले होते. तेव्हापासून ते डोकं माझं, असं मी धरून चाललो होतो. पुढं बबन मुंबईला एका लाकडाच्या वखारीत कामाला लागला. सुट्टीवर आला की जुन्नरच्या स्टँडवर उतरून आधी माझ्या खुर्चीत बसायचा, मग घरी. त्याची बायको सुमन म्हणायची, "भावजी, यांचं माहेर तुमच्या दुकानात हाय."

मग मुंबईत ब्याण्णव-त्र्याण्णवची दंगल झाली आणि बबन त्यात सापडला. जे कळलं ते सुमनकडून. संचारबंदी थोडा वेळ उठली म्हणून तो आणि खोलीतले त्याचे दोन सोबती दूध आणायला बाहेर पडले. कोपऱ्यावर जमाव आला. तिघं पळाले. मागून कुणीतरी बबनच्या मानेवर घाव घातला, तो पडला, त्याच्यावर आणखी माणसं पडली. पोलिसांची गाडी येईपर्यंत तो त्या ढिगाखाली होता. सोबती दोघंही गेले. इस्पितळातून सुटल्यावर तो गावी आला आणि घरात कोपरा धरून बसला. भिंतीकडं पाठ, दाराकडं तोंड. काही महिन्यांनी सुमननं त्याला एसटीत बसवून माझ्याकडं आणलं. "भावजी, दाढी तरी करा. जरा मानसात आना यांना," म्हणाली आणि बाजार करायला गेली.

आता आमच्या धंद्याबद्दल थोडं सांगतो. शिंपी समोर उभा राहून माप घेतो. डॉक्टर समोर बसवून जीभ बघतो. आम्ही तेवढे मागं उभे राहतो. मागून येऊन तुमच्या गळ्याभोवती कापड गुंडाळतो, मानेमागं गाठ मारतो, डोकं हातानं खाली दाबतो, दुसऱ्या हातात पातं असतं, आणि वर सांगतो, हलू नका. असं वागणारा दुसरा कुणी तुम्ही दारातसुद्धा उभा करणार नाही. आमच्याकडं मात्र तुम्ही डोळे मिटून झोपता. हा सगळा विश्वासाचा मामला आहे, हे तेव्हा माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. मला वाटायचं, आपला हात हलका आहे म्हणून लोक झोपतात.

त्यात माझी एक खासियत होती. कापड गळ्यात घालायच्या आधी मी ते हवेत असं झटकायचो, की फटाका वाजल्यासारखा आवाज यायचा. गिऱ्हाईक खूश, शेजारचे दचकून बघणार. बबन कितीतरी दिवसांनी आला होता, म्हणून त्या दिवशी मी ते अंमळ जास्तच जोरात झटकलं.

बबन दचकला, खुर्चीचे हात घट्ट धरून बसला. मी हसलो, "काय राव, मुंबईचा मानूस आन् फडक्याला भितो?" साबण लावला. एक गाल झाला. दुसऱ्या गालासाठी त्याच्या मागून पलीकडं गेलो आणि सवयीनं त्याचं डोकं तळहातानं खाली दाबलं. पुढचं मला नीट दिसलंच नाही. खुर्ची एकीकडं, बाटल्यांची फळी दुसरीकडं, आणि बबन गळ्यातल्या कापडासकट पेठेतून पळत सुटला. मी शहाणा त्याच्या मागं. "अरं थांब, अर्धी राह्यली," असं ओरडत. बाजारचा दिवस, लोक हसून हसून बाजूला होत होते.

बबन शांतिलालशेठच्या किराणा दुकानात शिरला आणि गुळाच्या ढेपांमागं जाऊन बसला. शेठचं घराणं मूळ राजस्थानचं, पण त्यांच्या जिभेला जुन्नरचंच पाणी. ते गादीवरून उठले आणि हळूच मला म्हणाले, "सोपान, हातातलं ते आधी खाली ठेव."

मला वाटलं, ब्रश आहे. बघितलं तर उघडा वस्तरा.

शेठनं बबनला पाणी दिलं, गळ्यातलं कापड सोडलं, तोंड धुवायला लावलं. सुमन येईपर्यंत ते त्याच्याशी तुरीच्या भावाबद्दल एकटेच बोलत बसले. मी बाहेर पायरीवर.

पुढं काही आठवडे गेले. एके दिवशी दारात उभा होतो, समोरून बबन चालत गेला. गाल गुळगुळीत. डाव्या जबड्याखाली मात्र दोन केस उभे. विलासची सहीच ती. त्याच्या हातून तिथले दोन केस कायम राहायचे, मी शिकवताना शंभरदा ओरडलो होतो. हे सांगायचं तरी कुणाला? एखाद्याची बायको पळून गेली असती तर त्यानं निदान चार माणसांना सांगितलं असतं.

घरी शालननं भाकरी थापता थापता विचारलं, "बबनभावजी विलासरावांकडं जातात म्हनं?"

"कोन म्हनलं?"

"मंदा म्हनत व्हती. गपगार बसत्यात म्हनं. घोरत्यात सुदिक."

मंदा म्हणजे विलासची बायको. घोरण्याचं ऐकल्यावर मी जेवलो नाही.

विलास काय करतो, हे मला कळायलाच हवं होतं. एका न्हाव्यानं दुसऱ्याकडं दाढीला जाणं म्हणजे गल्लीत बोभाटा. म्हणून मी शांतिलालशेठना हेर नेमलं. शेठ एका सकाळी दाढी करून आले. त्यांच्याही जबड्याखाली दोन केस होतेच.

"काय बघितलं?" मी विचारलं.

"काही नाही रे. तिथं आहेच काय बघायला? गुडघे माझे त्याच्या पोटाला लागत होते."

"तेल कंचं वापरतो? गानी लावतो का?"

"सोपान, त्याच्याकडं रेडिओसुद्धा नाही. सुटसुटीत आहे बघ. तू काय काय ठेवतोस, माणसाला कुठं बघावं कळत नाही."

शेठच्या या बोलण्यात सगळं उत्तर होतं. मला ऐकू आलं एवढंच, की माझं दुकान जुनाट दिसतंय. मी पुण्याहून फिरती खुर्ची आणली. टीव्ही लावला. समोर आरसा होताच, मागच्या भिंतीलाही मोठा आरसा बसवला, म्हणजे गिऱ्हाईकाला आपली मान दिसावी. शालन म्हणाली, "आता खुर्चीला चाकं बी लावा, आन् ढकलत न्या बबनभावजींच्या दारात."

सुमनच्या हातापाया पडून मी बबनला पुन्हा बोलावलं. त्या दिवशी कापड झटकलं नाही, अलगद पांघरलं. गाठसुद्धा मारली नाही. स्वतःवर मी बेहद्द खूश होतो. बाकावर नेहमीचे रिकामे बसले होते, त्यातल्या एकानं विषय काढलाच.

"बबनराव, मारनारे कोन व्हते वो? त्यांच्यातले का आपल्यातले?"

"मागून आला," बबन म्हणाला. "मला काय दिसनार?"

"तरी पन, अंदाज?"

बबनची नजर समोरच्या आरशात गेली आणि तिथंच अडकली. ज्यांनी समोरासमोर दोन आरसे लावलेत त्यांना माहीत असेल. एकात दुसरा, दुसऱ्यात पहिला, अशी रांग लागते. त्या आरशात बबनच्या मागं मी होतो, माझ्या मागं आणखी एक मी, त्याच्या मागं आणखी, पार टोकापर्यंत. सगळ्यांच्या हातात वस्तरा. बाकावरची टोळकी वेगळीच.

"सोप्या," तो अगदी हळू म्हणाला, "एवढी मानसं कुटून आली?"

घामानं त्याची कॉलर भिजली होती. या वेळी तो पळाला नाही. कापड त्यानं स्वतःच काढलं, घडी करून माझ्या हातात दिलं आणि गेला. पळाला असता तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी लाज सोडून मी स्वतः विलासच्या दुकानात गेलो. "बसा भाऊ," एवढंच म्हणाला. खुर्चीत बसलो आणि पाठ भिंतीला टेकली. जिन्याखालची जागा इतकी अरुंद, की खुर्चीमागं माणूस उभाच राहू शकत नव्हता. विलास समोर उभा राहायचा, अवघडून, पोट आत घेऊन. समोर रस्ता, येणारा-जाणारा प्रत्येक जण दिसतो. आरसा म्हणजे गिऱ्हाईकानं स्वतःच हातात धरायचा एक तुकडा.

"बबनला असंच बसवतोस?"

"दुसरं कसं बसवू? जागाच न्हाई."

"मुद्दाम न्हाई केलं?"

"काय मुद्दाम?" विलास म्हणाला.

माझा जळफळाट इथं दुप्पट झाला. त्यानं काही हुशारी केली असती तर मी तिचं कौतुक तरी केलं असतं, निदान नक्कल केली असती. ज्या गरिबीला मी आयुष्यभर हसलो, तिनं माझं गिऱ्हाईक नेलं होतं. आणि नक्कल करायची तर दीड हजारांची नवी खुर्ची भिंतीला कशी टेकवणार, ती फिरायची.

एक गोष्ट मात्र माझ्या नजरेतून सुटली नाही. पाठ भिंतीला म्हटल्यावर दाढी होते, पुढचे केस होतात. मागचे कोण कापणार? बबनच्या मानेवर केस वाढतच होते. वर्षामागून वर्षं ते खांद्यापर्यंत आले. पोरं त्याला बुवा म्हणायला लागली. मागून त्यानं कुणालाच, सुमनलासुद्धा, हात लावू दिला नाही. मी मनात म्हणायचो, विलासराव, अर्धं डोकं तुमचं असेल, अर्धं अजून कुणाचंच नाही.

दोन हजार साल उलटल्यानंतर जुन्नरला एका शिबिरात मनाचे डॉक्टर आले. शांतिलालशेठनी बबनला नेलं, सोबत मीही. डॉक्टरनं बबनला आत घेतलं, आम्ही बाहेर. आत तो बराच वेळ बोलत होता. मला इतक्या वर्षांत जे सांगितलं नव्हतं ते एका परक्या माणसाला. मी दाराला कान लावला तर शेठनी बाही धरून ओढलं.

डॉक्टरनं नंतर आम्हाला समजावलं. अशा भयंकर प्रसंगातून वाचलेल्या पुष्कळ माणसांचं असं होतं. प्रसंग संपला हे डोक्याला कळतं, अंगाला कळत नाही. आवाज, वास, मागून लागलेला हात, एवढ्यानं अंग पुन्हा तिथंच जाऊन उभं राहतं. हा भित्रेपणा नाही, वेड नाही. उपचार आहेत, वेळ लागतो. जबरदस्ती करू नका. काही करायचं असेल तर आधी सांगा, विचारा, आणि तो थांब म्हणाला की थांबा.

बबन औषध घेऊ लागला, पुण्याला खेपा झाल्या. झोप लागायला लागली, शेतावर जायला लागला. दाढी विलासकडंच. मागचे केस तसेच.

आणि मग गेनूबाबा गेले, मिशीसाठी आमच्यामागं काठी घेऊन धावलेले. थोरला मुलगा बबन. दशक्रियेला त्याचं मुंडण होणार. शेंडी सोडून सगळं डोकं, मागचंसुद्धा. निमगावात या कामाचा मान पिढ्यान्पिढ्या आमच्या घराचा. सुमन दुकानात आली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "भावजी, यांचं विलासभावजींनाच सांगितलंय. तुमी राग धरू नका. बाकीच्या भावकीचं तुमी बघा."

"राग कसला, वैनी," मी म्हणालो आणि कात्री उलट्या बोटात घातली.

आमच्याकडच्या दशक्रिया तुम्हाला माहीत असतील. नदीच्या घाटावर मांडव, कर्णे लावलेले, प्रवचनकार महाराज, आणि पुढाऱ्यांची श्रद्धांजलीची भाषणं. ज्यांनी गेनूबाबांना कधी पाहिलं नाही तेही त्यांच्या आठवणींनी गहिवरत होते. माणूस मावत नव्हता. मी भावकीची डोकी उरकत होतो, नजर मात्र महादेवाच्या देवळाकडं. देवळाच्या भिंतीला पाठ लावून बबन बसला होता, विलास समोर. पुढची बाजू झाली, मिशी गेली. मग विलास थांबला. आता बबननं भिंतीकडं तोंड करायला हवं होतं. विलासनं काहीतरी विचारलं, बबननं मान हलवली. पुन्हा विचारलं, पुन्हा नाही.

पुढून तुळतुळीत, मागं खांद्यावर केस, असा तो बसून राहिला. लोक बघायला लागले. पिंड मांडून झाले होते. एक म्हातारा चुलता म्हणाला, "अर्धवट राह्यलं तर कावळा शिवायचा न्हाई. धरा रं त्याला दोघंजन." आणि दोघांनी खरंच त्याला भिंतीपासून ओढून मागून खांदे धरले.

बबनच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी त्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. कर्ण्यातलं भाषणसुद्धा थांबलं. मी कुणाचं तरी अर्धं डोकं तसंच टाकून धावलो. "सोडा त्याला," म्हणालो. "सोडा, न्हाईतर आजपासनं या गावात कुनाची हजामत होनार न्हाई." धमकी किरकोळच होती, पण सुटले हात.

या वेळी माझ्या हातात काही नव्हतं, मी मुद्दाम बघून घेतलं होतं. खाली मातीत त्याच्यासमोर बसलो, वडील बसायचे तसा. खुर्च्या यायच्या आधी न्हावी गिऱ्हाईकाच्या समोर जमिनीवर बसायचा. गिऱ्हाईकानं पुढं वाकून डोकं न्हाव्याच्या गुडघ्यांमध्ये द्यायचं, आणि मागची बाजू न्हावी वरून करायचा. बबनचं जावळ वडलांनी असंच समोर बसून काढलं होतं.

"बबन, मी समोरच हाय. मागं येनार न्हाई. तू वाकायचं, मी इथनंच करनार. थांब म्हनलास की थांबनार."

त्यानं माझ्याकडं बघितलं. "मागं कोन हाय?"

"कुनी न्हाई."

"हायेत," तो म्हणाला. त्याचं खरंच होतं. ओढाओढीत भिंत लांब राहिली होती, आणि पाठीमागं अख्खा तालुका.

तेव्हा विलास काही न बोलता आला आणि बबनच्या मागं, भिंतीऐवजी, पाठीला पाठ लावून बसला. आयुष्यात प्रथमच तो एवढं लांब बोलला. "बबनभाऊ, मी विलास. माझं तोंड लोकांकडं हाय. कोन आलं तर आधी मला दिसंल. मी सांगतो तुमाला."

बबनचे खांदे हळूहळू खाली आले. त्यानं आपला भार मागं टाकला, विलास किंचित पुढं झाला पण सरकला नाही. मग बबननं डोकं पुढं वाकवून माझ्या गुडघ्यांमध्ये दिलं.

मी एकेक गोष्ट सांगत गेलो. आता पाणी लावतो. आता कात्री. आता वस्तरा, नवीन पातं घातलंय. मधेमधे विलास सांगायचा, "कोन न्हाई. महाराज हायेत. पानी प्यायले." केस गळत गेले आणि मानेवर तो व्रण दिसला. मी तिथं हात थांबवला.

"आलं का?" बबननं खालूनच विचारलं.

"आलं."

"केवढं हाय?"

"माझ्या करंगळीएवढं."

मग म्हणाला, "एवढंच? मला वाटलं व्हतं, लई मोठं असंल."

व्रणाच्या कडेनं मी वस्तरा आडवा नेला. शेंडी राखली. रक्ताचा थेंब नाही. पिंडाला कावळा पटकन शिवला, ते श्रेय त्या चुलत्यानं स्वतःकडं घेतलं.

तेव्हापासून रिवाजच पडला. बबनची दाढी विलासकडं, मागचे केस माझ्याकडं. फिरती खुर्ची मी कोपऱ्यात सारली, मागचा आरसा शालनच्या कपाटाला लावला. बबन आला की विलास त्याचं दुकान बंद करून यायचा, पाठीला पाठ लावून जमिनीवर बसायचा आणि फुकट माझा चहा प्यायचा. लोक म्हणायचे, दोघा साडूंनी मिळून बबनला माणसात आणलं. बबनला माणसात औषधांनी आणलं आणि सुमननं, आम्ही फक्त केस कापले. पण कापायचो मी, आणि तो भार टाकायचा विलासवर. जवळून बघितलंय म्हणून सांगतो, माझ्या गुडघ्यांत त्याचं डोकं सावध असायचं आणि विलासच्या पाठीला त्याची पाठ झोपलेली असायची.

एकदा मला राहवलं नाही. म्हणालो, "आज विलास कापील. भिंत मी होतो." दोघांनी एकमेकांकडं बघितलं. मी बसलो, बबननं पाठ टेकली. काय सांगू, एवढ्या वर्षांनी ते ओझं माझ्यावर आलं. डोळे भरून आले. तेवढ्यात मागून विलासच्या कात्रीचा आवाज आला, आणि ती मानेजवळ जरा वरच थांबतेय असं मला वाटलं, म्हणून मी वळून बघितलं. मग कानामागं तो काय करतोय ते बघितलं. मग जबड्याखालचे ते दोन केस.

बबन सरळ झाला. "ऊठ सोप्या," म्हणाला. "भिंतीनं मागं वळून बघायचं नसतं."

आणि तो हसला. मला उठवून त्यानं विलासला बसवलं, आणि कात्री पुन्हा माझ्या हातात आली.